बाळसं मुलाचं, बोल आईला

मागच्या पावसाळ्यात आमच्या बालवाडीतल्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या. साडेचार वर्षांच्या एका मुलाचं वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त निघालं. मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि अर्धा तास समजावलं. पाकिटातला खाऊ बंद करा, चहाबिस्किटं बंद करा, मोबाईल हातात देऊ नका. तिने सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाली, "ताई, मी सकाळी सातला घर सोडते ते पाच घरची कामं करून तीनला परत येते. घरात आणखी चार माणसं आहेत. त्यांना कधी विचारणार?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर परीक्षेत ‘बाईलाच दोषी ठरवण्याची रीत’ यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. वजनकाटा समोर येताच मीही तीच रीत चालवली.

नंतर तिच्या घरी गेले. सासूबाईंना नातू गुटगुटीत असल्याचा अभिमान. तो नको म्हणाला तरी आणखी दोन घास भरवायच्या. वडील रिक्षा चालवतात, दिवसभर मूल दिसत नाही, म्हणून रात्री पाच रुपयांची दोन पाकिटं आणतात. त्यांची माया त्या पाकिटात. शाळेतून आल्यावर भावाला सांभाळते नऊ वर्षांची बहीण. भांडी घासताना तो पळू नये म्हणून ती त्याच्या हातात मोबाईल देते. बाहेर सोडावं तर गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या. या सगळ्याचा जाब मात्र एकट्या आईला.

मैत्रिणींनो, कुपोषणाशी लढण्यात आपली वर्षं गेली, आणि ती लढाई संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं खुरटलेली आढळली. त्याच सर्वेक्षणात जास्त वजनाची मुलं ३.४ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती २.१ टक्के होती. आकडा लहान आहे, पण वाढतो आहे. आणि हे फक्त सोसायट्यांमधल्या घरांचं दुखणं उरलेलं नाही. स्वस्त, गोड, तळलेलं वस्तीतल्या प्रत्येक टपरीवर टांगलेलं असतं. फळ मात्र महाग.

मग आम्ही आईची नव्हे, घराची बैठक घेतली. रविवारी, म्हणजे बाप्येही येतील. पहिल्या वेळी तीनच वडील आले, दुसऱ्या वेळी सात. ठरलं ते साधंच. मुलाला उपाशी ठेवायचं नाही आणि त्याचं ताट वेगळं करायचं नाही. भाजी-भाकरी, उसळ, वरण-भात सगळ्यांना सारखं. किती खायचं ते त्याच्या पोटाला ठरवू द्यायचं, ‘हा घास काऊचा’ करत कोंबायचं नाही. तहानेला पाणी, सरबत नाही. पाकीट रोज नाही, सणावारी. जेवताना मोबाईल बाजूला. ‘जाड्या’, ‘ढब्बू’ म्हणायचं नाही, लाडानेसुद्धा. आणि रात्री वडिलांनी खाऊऐवजी वेळ आणायचा, अर्धा तास मुलाशी खेळायचं. बहिणीचा अभ्यासाचा तास ठरला. त्या वेळी मूल आजीकडे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि पडद्यासमोर तासाहून जास्त वेळ नको. तीन तासांची हालचाल दहा बाय दहाच्या खोलीत कुठून येणार? म्हणून मंडळाच्या बायकांनी संध्याकाळी सहा ते सात गल्लीच्या एका टोकाच्या गाड्या हलवायला लावल्या. भांडणं झाली. तरी ती जागा अजून टिकून आहे.

आठ महिन्यांनी मुलाला पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन होतं तेवढंच होतं, उंची वाढली होती. आई हिरमुसली. पण या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं, उंचीला ते गाठू द्यायचं असतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आपण अंगणवाडीत वयानुसार वजन पाहतो, तसं उंचीच्या मानानेही वजन पाहण्याचा आग्रह धरायला हवा.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं गेलेले दिसले, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचे ९७. मुलाच्या आरोग्यासाठी आपण जो नवा सल्ला देतो, तो या २९९ मध्येच भर घालणार असेल तर तो सल्ला नव्हे, आणखी एक ओझं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० मध्ये झाला. आपल्या वस्तीतल्या शाळेसमोर एकदा पावलं मोजून पाहा. पाळणाघर, खेळायला मोकळी जागा आणि हा नियम, या मागण्या आपल्या मंडळांच्या यादीत याव्यात.

त्या आईची मी माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "माफी राहू द्या ताई, पुढच्या बैठकीला माझ्या दिरालाही बोलवा."