झोका कोणाच्या हातचा?

झी मराठी वाहिनीवर 2012-13 मध्ये झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतूनही जिव्हाळ्याने पाहिली गेली. अक्षरओळख नसलेली अकरा वर्षांची रमा 1873 मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्या घरी येते आणि वीस वर्षांनी वडील असलेला पती तिच्या हाती पाटी देतो. हे पाहताना डोळे पाणावतात, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि एक प्रश्न उरतो. गुरू जिने निवडलेला नाही आणि त्याच्याच घरात जिला जन्म काढावयाचा आहे, त्या शिष्येला कधी ‘नाही’ म्हणता येते काय?

रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. परंतु पहिली पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली. पुढे रमेला शिकविण्याचा निश्चय त्यांचा. त्यापायी माजघरातील बोलणी मात्र ऐकावयाची तिने. ती उलट उत्तर न देता सोसावीत, हा उपदेशही पतीचाच. रमाबाईंनी 1910 मध्ये आपल्या जीवनाची हकीकत प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. स्वतःचे आयुष्य सांगतानाही त्यांना ‘माझ्या’ म्हणवले नाही.

मग हे गुरुत्व व्यर्थ होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. 1901 मध्ये रानडे गेले. त्यानंतरच्या तेवीस वर्षांत पाठ द्यावयास कोणी नव्हते. आपल्या सुरतेत वाढलेले बेहरामजी मलबारी यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन काढले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. 1909 मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा, म्हणून 1924 मध्ये देह ठेवीपर्यंत त्या झटल्या. पतीने दिलेला झोका त्यांनी स्वतःच्या बळावर उंच नेला.

आपल्याकडे आजही ‘आम्ही सुनेला शिकू दिले’ असे अभिमानाने सांगितले जाते. भगिनींनो, त्या ‘दिले’पाशी क्षणभर थांबावे. जे देता येते ते काढूनही घेता येते. सुनेचे शिक्षण हा सासरचा उपकार नव्हे, तो तिचा अधिकार आहे. आणि शिकल्यावर तिचे मत आपल्याहून निराळे झाले, तर तेही त्याच शिक्षणाचे फळ मानावे.