घाटाच्या पायऱ्या किती काढाव्यात?

संगणकावरील खेळांचा विचार शास्त्रीय पुस्तिकांच्या मालेत कशासाठी, अशी शंका काही शिक्षकांना येईल. ती रास्त आहे. मलाही ती प्रथम आली होती. तारे, खनिजे, रोगजंतू, विद्युत् ह्यांवरील मजकूर मराठीत आणता आणता एकदम खेळाकडे वळावे, हे काहीसे अप्रतिष्ठितच वाटते. परंतु आज शाळकरी मुलाच्या हाती येणारे पहिले गणिती यंत्र बहुधा मोबाइल फोन हेच असते, आणि त्यावर ते जे पाहते त्यात एखाद्या खेळातील नगर, अरण्य किंवा दुर्ग पुष्कळदा असतो. ते स्थळ कोणीतरी रचलेले असते. तेथे काय दाखवावे आणि काय गाळावे, ह्याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. तो निर्णय कसा घेतला जावा, ह्याविषयी मला काही सांगावयाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात मी वाराणसीस गेले होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांपैकी एका घरी माझी मावसबहीण असते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाने मला आपल्या फोनवर घाटांचा एक खेळ दाखविला. नावेत बसून घाटांसमोरून जावयाचे, वाटेल तेथे उतरावयाचे, गल्ल्यांत शिरावयाचे, असे त्याचे स्वरूप. फोन साधा आणि जुना. नाव दशाश्वमेधाजवळ आली, आरतीचा धूर निघाला, आणि चित्र अडखळू लागले. नाव हातभर सरकावी आणि थबकावी. फोन हातात धरवेना इतका तापला. मुलाने सवयीने नावेचे तोंड पलीकडच्या तीराकडे फिरविले. तिकडे नुसती वाळू. चित्र तत्काळ सुरळीत धावू लागले. मग त्याने चित्राचा ‘कनिष्ठ’ दर्जा निवडला. आता घाटही न अडखळता दिसू लागले, परंतु पायऱ्यांवर एकही मनुष्य उरला नाही. शिखरांवरील कोरीव काम मात्र जसेच्या तसे होते. “मावशी, घाटावर कर्फ्यू लागलाय का?” असे त्याने मला विचारले.

मला वाटते, त्या खेळाच्या रचनाकाराने चुकीची वस्तू गाळली. ती चूक का, हे समजण्यासाठी यंत्र चित्र कसे काढते ते थोडे पाहावे लागेल.

चित्रपटाच्या फितीवर चौकटी आधीच छापलेल्या असतात. त्या दर सेकंदास 24 ह्या गतीने पडद्यावर टाकल्या की हालचालीचा भास होतो. खेळात तसे नाही. खेळणारा कोठे वळेल हे कोणासच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक चौकट त्या क्षणीच काढावी लागते. सेकंदास 60 चौकटी हव्या असतील तर एकीस 16.7 मिलिसेकंद मिळतात. 30 वर समाधान मानले तर 33.3. एवढ्या अवधीत यंत्राने दिसणाऱ्या वस्तू निवडावयाच्या, त्यांचे त्रिकोण पडद्यावर मांडावयाचे, प्रकाश व छाया ठरवावयाच्या, पाणी हलवावयाचे. वेळ संपली आणि काम उरले, तर चौकट उशिरा येते व चित्र अडखळते. खेळाडूने बोट हलविल्यावर नाव उशिराने वळली, तर ती नाव त्याची राहत नाही. म्हणून ह्या कलेत गती ही सौंदर्यानंतरची बाब मानता येत नाही; चित्र किती देखणे आहे हा प्रश्न ते चालू लागल्यावरच उपस्थित होतो.

आता काशीचा विचार करा. असीपासून राजघाटापर्यंत सहा-सात किलोमीटरांवर सुमारे 84 घाट पसरले आहेत. गंगा येथे उत्तरवाहिनी होते, तिचा पश्चिम तीर अर्धचंद्राकार वळतो, आणि सारे नगर त्या एका तीरावर आहे. समोरच्या तीरावर वाळवंट. ह्या भूगोलाचा यंत्राला बसणारा फटका विलक्षण आहे. अर्धचंद्राच्या समोर नाव उभी केली की कोणताही घाट दुसऱ्याला झाकीत नाही. सगळेच एकदम दिसतात आणि सगळेच काढावे लागतात. तोंड फिरविले की काढावयास जवळजवळ काहीच उरत नाही. माझ्या भाच्याने जे सवयीने केले, त्यामागचे शास्त्र हे एवढेच.

घाटांवरून गल्लीत शिरले की परिस्थिती उलटते. काशीची गल्ली चार पावलांवर वळते. भिंतीपलीकडचे काही दिसत नाही, म्हणून काढावेही लागत नाही. 1996 साली आलेल्या ‘क्वेक’ ह्या खेळात कोणत्या दालनातून कोणते दालन दिसू शकते, ह्याचे गणित खेळ सुरू होण्यापूर्वीच करून ठेवलेले असे. वळणावळणाच्या गल्ल्यांना ही युक्ती फार मानवते. तेथे रचनाकाराने हात सैल सोडावा: उंबरठा, कोनाड्यातील लहानसा देव, पानवाल्याची पितळी भांडी, सर्व काही जवळून पाहण्याजोगे काढावे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. 2021 च्या डिसेंबरात विश्वनाथ मंदिराचा नवा परिसर खुला झाला आणि मंदिरापासून गंगेपर्यंतची दृष्टी मोकळी झाली. जुन्या नकाशावरून गल्ल्या रचणाऱ्यास तेथे जी आडोशाची सोय होती, ती आता नाही. आपण कोणत्या सालची काशी रचीत आहोत, हे रचनाकारास आधी ठरवावे लागते.

घाटांचे मात्र असे सुटत नाही. तेथे गाळणे भागच आहे. किती गाळावे ह्याचे उत्तर गणित देते, आणि ते मला मोठे मनोहर वाटले. पडद्यावर 1080 ओळी आहेत आणि आपण उभ्या दिशेने 60 अंशांचा कोन पाहत आहोत, असे धरा. 200 मीटर अंतरावर त्या कोनात सुमारे 231 मीटर उंची मावते. पाच मीटरांवरून पाहिलेला मनुष्य पडद्यावर सुमारे 300 ओळी व्यापतो. 200 मीटरांवरून सात-आठ. सात ओळींत नाक, डोळे, बोटे कोठून येणार? घाटाची पायरी वीस सेंटिमीटर उंच धरली तर तेवढ्याच अंतरावरून ती एक ओळही भरत नाही. अशी प्रत्येक पायरी खरीखुरी घडवून ठेवली तर यंत्र शिणतेच, शिवाय चित्रही बिघडते. कधी ही पायरी बिंदूत येते, कधी ती, आणि नाव हलताच सारा घाट लुकलुकू लागतो. दूरच्या घाटाला पायऱ्यांचा केवळ रंग पुरतो. अधिक तपशील म्हणजे अधिक सत्य, ही समजूत येथे सरळसरळ खोटी ठरते.

हा विचार नवा नाही. एकाच वस्तूची सूक्ष्म व ढोबळ अशी अनेक रूपे बाळगून अंतराप्रमाणे त्यांतील एक निवडावे, हे तत्त्व जेम्स क्लार्क ह्यांनी 1976 साली एका निबंधात मांडले. पृष्ठावरील चित्राच्या क्रमाने लहान होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवण्याची रीत लान्स विल्यम्स ह्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केली. दूरच्या पायऱ्यांची लुकलुक थांबते ती हिच्यामुळे. चित्रकारांना तर हे शतकानुशतके ठाऊक आहे. जेम्स प्रिन्सेप 1820 ते 1830 बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होता; त्याने नगराचा नकाशा तयार केला आणि ‘बनारस इलस्ट्रेटेड’ हा चित्रसंग्रह काढला. त्यात ग्रहणस्नानाच्या गर्दीचे चित्र आहे. गर्दी काढण्याची चित्रकाराची जुनी रीत अशी, की पुढच्या चार माणसांना चेहरे द्यावयाचे आणि मागच्या चारशेंना केवळ ठिपके.

धूर व दीप ह्यांचा हिशेब निराळा आहे, आणि बहुतेक रचनाकार फसतात ते येथेच. भिंत अपारदर्शक असते. तिच्यामागचे काढावे लागत नाही. धूर पारदर्शक असतो. त्याचा प्रत्येक थर मागच्या चित्रावर पुन्हा रंगवावा लागतो. 1920 गुणिले 1080 म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू. आरतीच्या धुराचे दहा थर साऱ्या पडद्यावर पसरले आणि सेकंदास 60 चौकटी धरल्या, तर बिंदू रंगविण्याच्या क्रिया एका सेकंदात 124 कोटींवर जातात. ह्यात पाण्यातील प्रतिबिंबे धरलेलीच नाहीत! एवढे काम करताना फोन तापतो, आणि तापलेला फोन स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करतो. थंड खोलीत, नव्या यंत्रावर, पाच मिनिटे पाहून खेळ उत्तम चालतो असे म्हणणाऱ्याने तो मे महिन्यातल्या बनारसी दुपारी जुन्या फोनवर अर्धा तास चालवून पाहावा.

मग गाळावे काय? माझे मत असे: प्रथम धुराचे थर, मग शिखरांवरील नक्षी, मग पाण्यातील प्रतिबिंब, माणसे सर्वांत शेवटी, आणि तीही पूर्णपणे कधीच नाही. मंदिरांच्या बाह्यरेषा राखाव्यात, कारण दुरून डोळा ओळखतो तो रेषेवरून. शिंदे घाटाजवळचे कललेले रत्नेश्वर मंदिर सरळ करून चालणार नाही. त्यावरील कोरीव काम पुसट झाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

ह्यावर जाणकार म्हणतील, की माणसेच तर महाग. दगड एकदा मांडला की स्वस्थ असतो. मनुष्याच्या हातापायांची हालचाल दर चौकटीस नव्याने मोजावी लागते. हे खरे आहे. 2014 सालच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ ह्या खेळात पॅरिसच्या रस्त्यांवर हजारोंचा जमाव दाखविला होता, आणि प्रकाशनाच्या वेळी चित्र मंदावते अशा तक्रारी जगभर झाल्या. परंतु घाटावरच्या माणसाला हजारांची सोबत लागत नाही. जवळची दहा-बारा माणसे पुरी घडवावीत. त्यांच्यामागे एकाच हालचालीवर चालणारी थोडी साधी माणसे ठेवावीत. पलीकडे सपाट फळीवर रंगविलेल्या आकृती पुरेत. सात ओळींत ह्यापेक्षा अधिक कोणी पाहू शकत नाही. दुसरा आक्षेप श्रद्धाळूंचा व इतिहासप्रेमींचा: वारशाचे शिल्प ढोबळ करणे हा अनादर होय. अहल्याबाईंच्या, नागपूरकर भोसल्यांच्या बांधकामांविषयी मराठी मनुष्यास तसे वाटणे साहजिक आहे. परंतु घाट बांधले गेले ते स्नानासाठी, दहनासाठी, नावांसाठी. धोबी, नावाडी, तेरवीला आलेले कुटुंब आणि पायरीवर झोपलेला कुत्रा काढून टाकून केवळ दगड लखलखीत ठेवला, तर तो आदर कोणाचा?

अशा निवडीने खेळ दरिद्री दिसतो असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ 2020 च्या ऑगस्टात प्रथम निन्टेंडो स्विच ह्या लहानशा, हाती धरावयाच्या यंत्रावर आला. त्यात खेळाडूची दृष्टी दुरून व उंचावरून ठेवली आहे, आणि कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितले आहेत. छायाबाहुलीला चेहऱ्याचे स्नायू लागत नाहीत. नवी साधने हा प्रश्न मिटवतील असे सांगणारेही आहेत; 2022 मध्ये आलेल्या ‘अनरिअल’च्या पाचव्या आवृत्तीत सूक्ष्म-ढोबळ रूपांची निवड यंत्र स्वतःच करते. ते कौतुकास्पद आहे. परंतु त्यासाठी लागणारी यंत्रे माझ्या भाच्याच्या खिशात नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खऱ्या नावेतून निघालो. गंगेवर पौषातले दाट धुके होते. तीन घाटांपलीकडे काही दिसेना. 1999 सालच्या ‘सायलेंट हिल’ ह्या खेळात दूरचे नगर काढण्याची यंत्राची शक्ती नव्हती म्हणून असेच धुके पसरले होते, आणि तेच पुढे त्याचे वैशिष्ट्य मानले गेले, हे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. जवळच एक नावाडी दोर गुंडाळीत होता, एक बाई पितळेचा तांब्या घाशीत होती, आणि वरच्या पायऱ्या कोठेतरी विरून गेल्या होत्या. “मावशी,” तो म्हणाला, “हे माझ्या फोनवर चालेल.”