कपाटातला दरवळ : घरची सुगंधी पुरचुंडी

पावसाळा सरला, दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घराघरांतली कपाटे, ट्रंका आणि पलंगाखालचे खण रिकामे होतात. पैठणी, शालू, शाली, स्वेटर यांना हवा दाखवली जाते. पुन्हा घड्या घालून ठेवताना त्यांत दोन-चार डांबराच्या गोळ्या टाकल्या की गृहिणीला आपले काम पुरे झाल्यासारखे वाटते. मग ऐन लग्नकार्यात नेसलेल्या भरजरी साडीला त्या गोळ्यांचाच उग्र वास येत राहतो.

डांबराच्या गोळ्या नव्हत्या तेव्हाही घरात रेशमी वस्त्रे होतीच. त्यांच्या घड्यांत केवड्याचे पान, बकुळीची वाळलेली माळ, वाळ्याची जुडी, वेखंडाचे तुकडे असत. याच वस्तूंपासून आज घरच्या घरी सुंदर पुरचुंड्या तयार करता येतात. त्यांना महागडे साहित्य लागत नाही की शिवणकामातले विशेष कसबही लागत नाही. लागतो तो नीट वाळवण्याचा धीर, कारण या कलेचे सारे मर्म वाळवण्यातच आहे.

फुले कोणती घ्यावीत?

पहिली चूक होते ती फुलांच्या निवडीत. मोगरा, जाई, जुई यांचा वास इतका मोहक की साहजिकच आधी हीच फुले वाळत घातली जातात. पण त्यांचा सुगंध फूल उमलताना तयार होतो आणि हवेत उडून जातो. वाळल्यावर हाती राहतो तो नुसता तपकिरी पाचोळा.

याउलट बकुळीचे फूल वाळून चुरगळले तरी कितीतरी दिवस दरवळते. सुरंगीचेही तसेच. सिंधुदुर्गात वेंगुर्ले भागात तिच्या कळ्या गोळा करून वाळवतात आणि विकतात. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा, तसेच मरवा, तुळस आणि सब्जा यांच्या पानांचा वासही वाळल्यावर टिकतो. गुलाब घ्यायचा तर गुलकंदासाठी वापरतात तो देशी गुलाबी गुलाब घ्यावा. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब दिसायला देखणे असतात, पण बहुतेकांना मुळातच वास कमी असतो.

वाळवण्याची रीत

फुले सकाळी, दव सुकल्यावर खुडावीत. ताज्या पाकळ्यांत वजनाच्या चार पंचमांश किंवा त्याहूनही जास्त पाणीच असते. ते पूर्ण गेले नाही तर पुरचुंडीत बुरशी धरते. म्हणून पाकळ्या मोकळ्या करून जुन्या सुती साडीवर किंवा सुपात एकेरी थरात पसराव्यात. पापड-कुरडयांसारखे त्यांना कडक ऊन दाखवू नये. उन्हाने रंग उडतो आणि सुगंधी तेलही उडते. वारा खेळता असलेली सावलीची खोली उत्तम. पंखा लावायचा असेल तर पाकळ्यांवर पातळ मलमल पसरावी.

रोज एकदा हलक्या हाताने खालीवर करावे. कोरड्या हवेत चार-पाच दिवस, तर मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत आठ-दहा दिवसही लागतात. पाकळी बोटांत चुरली की पापडासारखी मोडली पाहिजे. खात्री करायची असेल तर मूठभर पाकळ्या काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी काचेवर आतून ओल दिसली तर त्या अजून वाळायच्या आहेत. दिवाळीनंतरचे चार महिने या कामाला सोयीचे. आषाढ-श्रावणात हा उद्योग न केलेलाच बरा.

सुगंध धरून ठेवणारी मुळे

नुसत्या वाळलेल्या पाकळ्यांचा वास महिन्या-दोन महिन्यांत विरतो. तो धरून ठेवायला मुळे आणि कंद लागतात : वाळा, नागरमोथा, कापूरकचरी, वेखंड. उटणे घरी करणाऱ्यांना ही नावे नवी नाहीत. त्यांतली तेले जड असतात, हळूहळू उडतात आणि फुलांच्या नाजूक वासाला आपल्याबरोबर टिकवून धरतात. युरोपात अशा मिश्रणात आयरिस फुलाच्या वाळवलेल्या कंदाची पूड घालतात, तीही याच कारणासाठी.

हे सर्व जिन्नस काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. इंदूर, भोपाळ, दिल्लीकडे राहणाऱ्यांनी पंसाऱ्याकडे वाळ्याला ‘खस’ आणि वेखंडाला ‘बच’ म्हणून मागावे.

सात-आठ पुरचुंड्यांसाठी प्रमाण

वाळलेल्या देशी गुलाबपाकळ्या ५० ग्रॅम, बारीक कातरलेला वाळा २५ ग्रॅम, नागरमोथा १५ ग्रॅम, कापूरकचरी १५ ग्रॅम, संत्र्याची सावलीत वाळवलेली साल १५ ग्रॅम, लवंग १० ग्रॅम, दालचिनी १० ग्रॅम. बकूळ किंवा दवणा मिळाल्यास मूठभर. लोकरीच्या कपड्यांसाठी यात १० ग्रॅम वेखंड वाढवावे.

पाकळ्या आणि वाळा सोडून बाकीचे जिन्नस खलबत्त्यात जाडसर कुटावेत. मिक्सरमध्ये पीठ करू नये, ते कापडातून झिरपते आणि कपड्यांवर डाग पडतात. सगळे एकत्र करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे आणि दोन-तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवावे. दिवसाआड बरणी हलवावी. सुरुवातीला लवंग-दालचिनीचा वास इतरांवर कुरघोडी करतो, पण मुरत गेल्यावर सगळे वास एकजीव होतात. ज्यांना घाई असते, त्यांची पुरचुंडी मसाल्याच्या डब्यासारखी वासते!

पिशवीसाठी नवे कापड आणण्याची गरज नाही. आईची विरलेली सुती साडी किंवा जुने मलमलीचे धोतर सर्वात उत्तम. कापड स्वच्छ धुऊन, खळ काढून वाळवावे. साधारण चार इंच रुंद, सहा इंच लांब पिशव्या शिवाव्यात, दोन-दोन चमचे मिश्रण भरावे आणि तोंड नाडीने आवळावे. हौस असेल तर काठाची पट्टी लावावी किंवा कशिद्याचे एखादे फूल काढावे. बाहेर बारीक चिठ्ठीवर महिना आणि वर्ष लिहायला विसरू नये.

पुरचुंडी रेशमावर किंवा जरीवर थेट ठेवू नये, कारण लवंगेच्या तेलाचा डाग सहज जात नाही. साडी सुती कापडात गुंडाळून पुरचुंडी खणाच्या कोपऱ्यात ठेवावी किंवा हँगरला टांगावी.

लिंबू आणि लवंग

मुलांना सुटीत करायला देण्याजोगी आणखी एक वस्तू. पिकलेले, डाग नसलेले लिंबू घ्यावे. दाभणाने सालीला भोके पाडून त्यांत एकेक लवंग, फुलाचा भाग वर ठेवून, दाटीवाटीने खोचावी. मग लिंबू दालचिनी आणि नागरमोथ्याच्या पुडीत घोळवून हवेशीर जागी जाळीवर ठेवावे आणि रोज फिरवावे. तीन-चार आठवड्यांत ते आक्रसून हलके आणि टणक होते. संत्र्याची साल सैल असते आणि आत रस फार, म्हणून ते सडण्याची भीती जास्त. नागपूर, इंदूरच्या कोरड्या हिवाळ्यात हा प्रयोग साधतो. किनारपट्टीवर मात्र लिंबाला मऊपणा किंवा बुरशी दिसली तर मोह न धरता टाकून द्यावे.

सुगंध म्हणजे कसरीवर औषध नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी. लोकर आणि रेशीम कुरतडते ती कसरीच्या पाखराची अळी. पाखरू स्वतः कापड खात नाही, ते घड्यांत अंडी घालते. वेखंड, लवंग यांच्या वासाने पाखरे थोडीफार दूर राहतील, पण आधीच घातलेली अंडी त्याने मरत नाहीत. घामाचे, अन्नाचे डाग असलेले कपडे अळीला विशेष आवडतात, तर खळ केलेल्या सुती कपड्यांवर चंदेरी कसर येते. म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, खळ न करता ठेवणे हाच खरा उपाय. लोकरी कपडे वर्षातून दोन-तीनदा उन्हात झटकावेत. पुरचुंडी ही त्यानंतरची गोष्ट.

शिवाय मसाल्याला लागतो तो बारीक तपकिरी किडा पुरचुंडीलाही लागू शकतो. मिश्रण बंद पॉलिथिनच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवल्यास ही भीती बरीच कमी होते. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत ओल धरते.

बाळाच्या कपड्यांत मात्र काहीच नको

घरात बाळ येणार म्हटले की आजी ट्रंकेतून जपून ठेवलेली कुंची, झबली, दुपटी काढते. बहुतेक वेळा ती डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतात. हा प्रेमाचा ठेवा कधीकधी घातक ठरतो. या गोळ्यांतले नॅफ्थलीन श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरात जाते. काही बाळांच्या रक्तात ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते. हा दोष आनुवंशिक आहे आणि बाळाकडे पाहून तो ओळखता येत नाही. अशा बाळाला नॅफ्थलीनचा संसर्ग झाला तर तांबड्या रक्तपेशी झपाट्याने फुटतात. बाळ पांढरेफटक पडते आणि तीव्र काविळीचा मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. याखेरीज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली नॅफ्थलीनची नोंद मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत केली आहे.

म्हणून असे जुने कपडे अंगात घालण्यापूर्वी दोनदा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हा-वाऱ्यात ठेवावेत. वास गेलाच नाही तर ते आठवण म्हणून जपावेत, बाळाला घालू नयेत. बाळाच्या खणात गोळ्यांऐवजी कापूर ठेवणेही योग्य नाही. कापराचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात. बाळाच्या कपड्यांत सुगंधी पुरचुंडीसुद्धा नको. स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळलेले कापड त्याला पुरेसे आहे. घरात कुणाला दमा किंवा वासाची ॲलर्जी असेल तर पुरचुंडी उशीजवळही ठेवू नये.

पुरचुंडीचा वास मंदावला की ती हलकेच चोळावी. आतली मुळे थोडी मोडली की वास पुन्हा सुटतो. साधारण वर्षभराने, चिठ्ठीवरचा महिना पाहून आतला माल बदलावा आणि जुना कुंडीतल्या मातीत मिसळावा. पिशवी धुऊन पुन्हा वापरता येते. दिवाळीच्या फराळाबरोबर मैत्रिणीला, जावेला, नणंदेला अशी एखादी पुरचुंडी दिली तर तिच्या कपाटातून डांबराच्या गोळ्या बाहेर काढायचे निमित्तही होईल.