चिलटांचं मूळ पोत्याच्या तळाशी

मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याला काय तोटा! उन्हाळ्यात पोतंभर कांदा घेऊन पावसाळ्याची बेगमी आपण बहुतेकजणी करतोच. पण श्रावण लागतो न लागतो तोच ओट्याभोवती चिलटं घोंघावू लागतात. मग फवारा मारायचा, नि चार दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या!

भगिनींनो, नुसती उडणारी चिलटं मारून भागत नाही. मादी आंबलेल्या फळाभाजीवर शेकडो अंडी घालते, आणि उबदार हवेत ८-१० दिवसांत नवी चिलटं तयार होतात. तेव्हा आधी पोतं रिकामं करा. तळाशी नासका कांदा किंवा पाणी सुटलेला बटाटा बहुधा सापडतोच. तो लगेच घराबाहेर टाका. बाकीचे पुसून, कांदे वेगळे नि बटाटे वेगळे, हवेशीर जागी ठेवा. पिकली केळी झाका. ओलं फडकं, मोरीची जाळी, खरकट्याचा डबा रोज रात्री स्वच्छ करा.

उरलेल्या चिलटांसाठी वाटीत थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर नि भांडी घासायच्या पातळ साबणाचे २ थेंब घाला. आंबट वासाने ती येतात, नि साबणामुळे तरंगू न शकता बुडतात. वाटी रोज बदला. हे दहा-बारा दिवस नेटाने करा, म्हणजे अंड्यांतून निघालेलीही संपतील.

फवारा मात्र उघड्या अन्नाजवळ नि तान्ह्या बाळाजवळ नकोच. त्यापेक्षा दर आठवड्याला कांदे निवडायची सवय लावा. चिलटं तर जातीलच, शिवाय एका नासक्यापायी बाकीचे सडायचे वाचतील!