संघांची नावे आणि बीडचा कोयता

बीडच्या बलभीम महाविद्यालयाचा संघ परळीच्या वैद्यनाथ महाविद्यालयाविरुद्ध मैदानात उतरतो तेव्हा एका बाजूस मारुती आणि दुसऱ्या बाजूस ज्योतिर्लिंग असा सामना जुळतो. मारुतीला रुद्राचाच अवतार मानणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने ही लढत घरातलीच म्हणावयाची! अंबाजोगाईचे संघ योगेश्वरी देवीच्या किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने खेळतात. बीडमधील मिल्लिया महाविद्यालयाच्या नावात ‘मिल्लत’ म्हणजे समुदाय, राष्ट्र हा अर्थ आहे. या जिल्ह्यात महाविद्यालयाच्या संघाला निराळे टोपणनाव देण्याची पद्धत नाही. संस्थेचे नाव तेच संघाचे नाव, आणि ते ठेवणाऱ्यांच्या मनात क्रीडांगण बहुधा नव्हतेच.

तरीही ‘बलभीम’ हे नाव खेळाला किती शोभते पाहा. मराठी मुलखात तालीम म्हटली की मारुती आलाच. लाल मातीच्या हौद्यात उतरण्यापूर्वी त्याला नमस्कार करावयाचा, हा शिरस्ता कोणी लिहून ठेवलेला नाही. अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या व्यायाम प्रसारक मंडळानेही हनुमानाचेच नाव घेतले, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली.

अमेरिकेत मात्र महाविद्यालयाचे नाव वेगळे आणि संघाचे टोपणनाव वेगळे. त्यांतील वाघ-सिंह, गरुड सोडून द्यावेत. ते कोठेही सापडतात. लक्ष वेधून घेतात ती धंद्यावरून पडलेली नावे. 1891 साली इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने वॉबॅश महाविद्यालयाचा फुटबॉलमध्ये धुव्वा उडविला. तेव्हा हरलेल्यांच्या गावातील वृत्तपत्राने विजेत्यांना ‘बॉयलर बनविणारे’ म्हणून हिणविले. पर्ड्यूत यंत्रविद्या शिकविली जाई. हे कसले विद्यार्थी, हे तर कारखान्यातले दांडगट कामगार, असा त्या हेटाळणीचा रोख होता. पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांनी ती शिवी उचलली आणि बिरुदासारखी मिरविली. विस्कॉन्सिनचे ‘बॅजर’ हे मुळात त्या नावाचे बिळात राहणारे जनावर नव्हे. शिशाच्या खाणीत राबणारे मजूर हिवाळ्यात घर नसल्याने डोंगराच्या कुशीत भुयारे खणून राहत. त्यांना लोक बॅजर म्हणत. नेब्रास्काच्या संघाला तर आरंभी ‘किडेखाऊ’ असे भलतेच नाव होते. एका स्थानिक पत्रकाराला ते आवडेना. त्याने ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे, हे नाव चालविले आणि 1900 च्या सुमारास ते रूढ झाले. शेतात हात सोलवटून घेणाऱ्या माणसाचे नाव विद्यापीठाने आपल्या छातीवर लिहिले.

येथे बीडच्या वाचकाला आपल्या घरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. या जिल्ह्याचीही बाहेर एक ओळख आहे, आणि तीही धंद्यावरूनच पडलेली आहे: ऊसतोड कामगारांचा जिल्हा. पाऊस सरला की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतून बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही रीत पर्ड्यूच्या बॉयलरवाल्यांच्याही पुढची आहे. मग नेब्रास्काचा संघ कणसे सोलणाऱ्यांच्या नावाने खेळतो, तर बीडच्या एखाद्या संघाने ‘कोयता’ हे नाव का घेऊ नये?

प्रश्न आकर्षक आहे, पण त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. नेब्रास्काचा शेतकरी बहुतेक वेळा स्वतःच्या मक्याची कणसे सोलत होता. बीडचा कामगार दुसऱ्याचा ऊस तोडतो, तोही घेतलेली उचल फेडण्यासाठी. हंगाम संपला तरी अनेकदा उचल फिटलेली नसते. शिवीचे बिरुद करावयाचे तर ती शिवी मागे पडल्याचा विश्वास लागतो. पर्ड्यूचा विद्यार्थी बॉयलर बनविणारा नव्हता, म्हणून त्याला ते नाव हसत हसत घेता आले. बीडच्या महाविद्यालयात मात्र मागच्या बाकावर बसलेल्या मुलाचे आईवडील कदाचित त्याच क्षणी फडात असतात, आणि गाळपाचा हंगाम नेमका महाविद्यालयीन स्पर्धांच्या बऱ्याच महिन्यांवर येऊन पडतो. घरी म्हाताऱ्या आजीजवळ धाकटी भावंडे सांभाळणारी मुलगी खो-खोच्या सरावाला येऊ शकत नाही. तिच्या पाठीवर कोणत्या नावाचा सदरा असावा, याचा खल त्यानंतरचा.

शिवाय दुसऱ्याचे नाव स्वतःच्या करमणुकीसाठी वापरले म्हणजे काय होते, तेही अमेरिकेनेच दाखविले आहे. तेथील अनेक संघांनी मूळ रहिवाशांच्या जमातींची नावे घेतली होती. ज्यांची ती नावे, त्यांना कोणी विचारले नव्हते. स्टॅनफर्डने 1972 साली ‘इंडियन्स’ हे नाव टाकले. नॉर्थ डाकोटा विद्यापीठाचे ‘फायटिंग सू’ हे नाव सुटावयास 2012 साल उजाडले आणि त्यासाठी राज्यात मतदान घ्यावे लागले. म्हणून ‘कोयता’ हे नाव घ्यावयाचेच असेल तर ते फडातून आलेल्या मुलामुलींनी घ्यावे. क्रीडा समितीच्या बैठकीत ते ठरावाने मंजूर होऊ नये.

नावाचे मोल मराठवाड्याला परक्या देशाने शिकविण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने केला आणि त्यापाठोपाठ गावोगावच्या दलित वस्त्यांवर जे ओढवले, ते या भागाच्या इतिहासातले लाजिरवाणे पान आहे. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. आंतरविद्यापीठ स्पर्धेत बीडचा खेळाडू आज त्याच नावाने खेळतो. त्या चार-सहा शब्दांसाठी सोळा वर्षे लढावे लागले, हे त्याच्या प्रशिक्षकाने त्याला एकदा तरी सांगावे.

अलीकडच्या व्यावसायिक स्पर्धांतील नावांकडे पाहिले म्हणजे हा सारा विचार फुकट गेल्यासारखा वाटतो. 2023 साली सुरू झालेल्या महाराष्ट्राच्या क्रिकेट लीगमध्ये टायटन्स, टस्कर्स, जेट्स, रॉयल्स असे संघ उतरले. छत्रपती संभाजी किंग्ज या नावात तर छत्रपतींपुढे पुन्हा ‘किंग’ लावण्याची गरज कोणाला भासली, हे कळत नाही. त्यातल्या त्यात कबड्डीतील ‘पुणेरी पलटण’ कानाला बरी लागते, जरी पलटण हा शब्दही युरोपातून आलेला असला तरी. 2022 च्या खो-खो लीगमध्ये ओडिशाच्या संघाने ‘जगरनॉट्स’ हे नाव घेतले, तेव्हा तर मोठी गंमत झाली: पुरीचा जगन्नाथ इंग्रजांच्या तोंडी जाऊन बिघडला आणि बिघडलेल्या उच्चारासह आपल्याच गावी खेळावयास परतला.

बीडच्या ज्या खेळाडूंनी जग पाहिले, त्यांना असल्या नावांचा आधार लागला नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक घेतले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि 1 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 19.50 सेकंदांत जिंकून आला. त्यानंतर कित्येकांनी नकाशात मांडवा शोधला असेल. हंगाम सुरू होताना त्याच आष्टी-पाटोद्याच्या रस्त्यांनी कोयत्यांची वाहने जातात, आणि त्यांत बसलेल्या मुलांपैकी कोणाचे पाय किती जोराने धावतात, हे घड्याळ लावून अजून कोणी पाहिलेले नाही.