लोखंडी माणसाची आई

चंडीगडहून एका मराठी भगिनींचं पत्र आलं आहे. यजमानांच्या नोकरीमुळे हे कुटुंब तिथंच स्थायिक झालं. धाकटा मुलगा एकतीस वर्षांचा, चांगल्या हुद्द्यावर. पण त्याने आता युरोपातल्या ‘आयर्नमॅन’ शर्यतीला नाव घातलंय. ‘पहाटे साडेचारला सायकल घेऊन निघतो, रात्री नऊला झोपतो, घरच्या लग्नकार्यालासुद्धा येत नाही. हे खूळ समजायचं का? आणि आम्ही करायचं तरी काय?’ असं त्या विचारतात.

आधी शर्यत काय असते ते पाहू. 3.8 किलोमीटर पोहायचं, पाण्यातून निघून 180 किलोमीटर सायकल चालवायची, आणि सायकल ठेवली की 42.2 किलोमीटर, म्हणजे अख्खी मॅरेथॉन धावायची. कपडे बदलायला लागणारा वेळही हिशेबात धरतात. पोहणं साधारण 2 तास 20 मिनिटांत झालं नाही, तर तिथूनच घरी. सगळं मिळून बहुतेक ठिकाणी 16 ते 17 तासांची मुदत असते. पोहणारा खरा दमदार, सायकलवाला की धावणारा, अशा गप्पांतल्या वादातून जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने 1978 मध्ये हवाई बेटांवर ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली.

खूळ म्हणाल, तर आपल्या मिलिंद सोमणलाही ते होतं. जुलै 2015 मध्ये, पन्नाशीला चार महिने कमी असताना, त्याने झुरिचची शर्यत 15 तास 19 मिनिटांत पुरी केली. विजेते अशी शर्यत आठ-साडेआठ तासांत संपवतात. पण तिथं मुदतीत पोचणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं, आणि बहुतेकांची झुंज घड्याळाशीच असते. सोमण मुळात राष्ट्रीय विजेता जलतरणपटू, हेही विसरू नये. ज्याला पोहण्याची सवय नाही, त्याचं काम कितीतरी अवघड.

चंडीगडला सुखना तलावाचा काठ धावायला सुरेख आहे. रस्ते रुंद आणि सपाट. चढ हवा असेल तर कसौलीची वाट जवळ. अडचण पाण्याची. तरणतलावात तळाला रेघ असते, टोकाला भिंत असते. परदेशातल्या थंडगार तलावात यातलं काहीच नाही. दर थोड्या वेळाने डोकं वर काढून दिशा बघायची, आजूबाजूला शेकडो हातपाय, अंगात घट्ट रबरी पोशाख. जाण्यापूर्वी उघड्या पाण्यातला सराव, तोही नावेची सोबत घेऊन, व्हायलाच हवा.

पण बाई, तुमच्या जागी मी असते तर मला शर्यतीपेक्षा सरावाची धास्ती वाटली असती. शर्यतीच्या रस्त्यावर बंदोबस्त असतो; जानेवारीच्या धुक्यात पहाटेच्या हमरस्त्यावर मात्र ट्रक असतात. त्या दिवसांत सायकल घरातच स्टँडवर चढवून चालवता येते. आवाज होईल, तो सोसा. आणि हृदयाची तपासणी झाली आहे का, हे स्पष्ट विचारा. यात भिडस्तपणा नको.

खाण्यात तुमची मदत मोठी. सहा-सात तास सायकलवर बसून पचेल असं काय, हे शर्यतीच्या दिवशी शोधून चालत नाही. पोटालाही सराव लागतो. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, चिक्की आत्तापासून देऊन पाहा. तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. म्हणून पाण्याबरोबर क्षार हवेत.

लग्नकार्याचं म्हणाल, तर तुमची तक्रार रास्त आहे. रविवारची लांब फेरी आटोपली की दुपारपासून तो घरचा, एवढा करार करून टाका. वर्षभर सगळ्या घराने त्याच्या घड्याळावर चालायचं, हे मला मुळीच पटत नाही.

त्याच्याबरोबर जाणार असाल तर एक नियम ध्यानात ठेवा. आयोजकांनी ठेवलेल्या टेबलांवरून मिळेल तेवढंच घ्यायचं. बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. लेक समोरून लंगडत गेला तरी तुम्ही हातात केळंसुद्धा द्यायचं नाही. दिलंत तर तो बाद होऊ शकतो. टाळ्या वाजवायला मात्र हरकत नाही.

याच्या पुढची पायरी ‘अल्ट्रामॅन’. तीन दिवस, 10 किलोमीटर पोहणं, 420 किलोमीटरच्या आसपास सायकल आणि 84 किलोमीटर धावणं. फेब्रुवारी 2017 मध्ये फ्लोरिडात सोमणने हेही केलं, आणि धावला तो अनवाणी. तिथं नियम नेमका उलटा: खाणंपिणं पुरवायला प्रत्येकाने आपली माणसं आणलीच पाहिजेत. चिरंजीवांनी उद्या त्याचं नाव काढलं, तर बाई, तुमचा पासपोर्ट तयार ठेवा.