पांढरीखालचा इतिहास

गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा प्रथम दप्तराकडे धाव घेतो. सनदा, वतने, जमाबंदीचे कागद हाती लागले म्हणजे तो कृतार्थ होतो, आणि न लागले, की या मौज्यास इतिहासच नाही असा निवाडा निःशंकपणे देऊन टाकतो. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक संभाजी महाराजांच्या समाधीमुळे, कोरेगाव भीमा १८१८ च्या लढाईमुळे आणि रांजणगाव गणपतीमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु इनामगावचे नाव घेतले, तर भीमेपलीकडच्या दौंडातला मनुष्यही क्षणभर विचारात पडेल.

सह्याद्रीत उगम पावून घोड नदी जेथे भीमेस मिळावयास निघते, त्या पर्जन्यछायेतील काळ्या भूमीवर हे लहानसे गाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी या विद्वानांनी येथील टेकाडे उकरली, तेव्हा इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांचा नांदता संसार प्रकाशात आला. चौकोनी घरे, चुली, धान्याची पेवे, जोर्वे पद्धतीची रंगीत भांडी, आणि नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध व पाट! घरांच्याच जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके सापडली. प्रौढांचे मात्र घोट्याखालचे पाय तोडून दफन केलेले आढळले, बहुधा मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून. एका पाच दालनी घराशेजारी धान्याचे कोठार होते, त्यावरून धान्यरूप कर तेथे जमा होत असावा असा तर्क उत्खनकांनी केला. म्हणजे वसुलीचा जाच मामलेदार-कुळकर्ण्यांच्या कितीतरी आधीचा म्हणावयाचा.

मला सर्वांत विचारणीय वाटतो तो या वस्तीचा उत्तरार्ध. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस उणावला, प्रशस्त घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, जवाची शेती घटली, हरणांची शिकार वाढली, आणि अखेरीस लोक ही भूमी सोडून गेले. धरणाच्या व कालव्याच्या भरवशावर आज याच पट्ट्यात उसाचे मळे पोसणाऱ्या आपल्या पिढीस याहून अधिक उपयुक्त इतिहास कोणत्या बखरीत सापडणार आहे? येथे कोणी नृपती आला नाही, लढाई झाली नाही. जे घडले ते येथील कुणब्यांनीच घडविले, आणि त्यामुळेच ते गौण ठरले.

असा इतिहास जिच्या पोटात दडलेला असतो, ती जुन्या गावठाणाची पांढरी माती उत्तम खत म्हणून गाड्याच्या गाड्या भरून शेतात नेण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. शेतकऱ्यास दोष देणे अन्याय्य होईल, कारण त्या मातीचे मोल त्यास कोणी सांगितलेच नाही. परंतु दरवर्षी एकेका टेकाडाबरोबर एकेका गावाचे शेकडो वर्षांचे दप्तर नांगराखाली जाते. म्हणून शिरूर व दौंड येथील ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीतील पांढरी हुडकून, तेथील माती उपसण्यास मनाई करणारा ठराव करावा, आणि तलाठ्याने त्या जमिनींच्या नोंदींत तसा शेरा मारावा. हा पहिला ठराव इनामगावच्या ग्रामसभेने करावा, अशी माझी तेथील ग्रामस्थांस विनंती आहे.